अडथळ्यांची शर्यत आणि पंचाचा न्याय



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी संतवाङ्मयावर बोलावे, अर्थशास्त्रावर बोलावे, हे रीतीला धरून आहे. कामगार संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाने येथे उभे राहून अडथळ्यांच्या शर्यतींविषयी बोलावे, याचे मात्र काहींना नवल वाटेल. म्हणून विषय निवडण्याचे कारण आधी सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण थोडेच. पुढचे वाचन झाले ते स्थायी आदेश, आरोपपत्रे आणि खातेचौकशीचे कागद यांच्या निमित्ताने. नियम कसा वाचावा, तो कोणासाठी केलेला आहे, आणि तो मोडला असे ठरविणारा कोण, हे प्रश्न विचारण्याची सवय त्या वाचनाने लावली. पुढे खेळांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा असे दिसले की, अडथळ्यांच्या शर्यतीत गेल्या शंभर वर्षांत हेच प्रश्न पुनःपुन्हा उभे राहिले आहेत, आणि त्यांची उत्तरेही बदलत गेली आहेत. तो बदल आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शर्यतीची ओळख करून घेऊ. इंग्लंडात मेंढरे अडवून ठेवण्यासाठी लाकडी फाटके वापरीत. त्यांवरून उड्या मारीत धावण्याच्या चढाओढीतून एकोणिसाव्या शतकात ही शर्यत घडली. पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीत दहा अडथळे असतात, प्रत्येकाची उंची 1.067 मीटर. पहिला अडथळा आरंभरेषेपासून 13.72 मीटरवर आणि पुढचे 9.14 मीटरच्या अंतराने. ही अंतरे विचित्र वाटतात, पण ती मुळात 15 यार्ड आणि 10 यार्ड अशी सरळ होती. मीटर आल्यावर त्यांना असे अपूर्णांक चिकटले. 400 मीटरच्या शर्यतीतही अडथळे दहाच, पण उंची कमी. स्त्रियांची लहान शर्यत आधी 80 मीटरची होती, 1972 पासून ऑलिंपिकमध्ये ती 100 मीटरची झाली. या खेळाशी हिंदुस्थानचे नाते जुने आहे. 1900 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड याने 200 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले होते.

साध्या धावण्याच्या शर्यतीत पंचाला दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बसावे लागते, आरंभाला आणि शेवटाला. अडथळ्यांच्या शर्यतीत मात्र प्रत्येक धावपटूचे दहा अडथळे. आठ धावपटू म्हणजे ऐंशी प्रसंग, आणि तेही लहान शर्यतीत तेरा-चौदा सेकंदांत. पाय अडथळ्याच्या बाजूने गेला काय, हात शेजाऱ्याला लागला काय, अडथळा पडला तो कोणाच्या पट्ट्यात पडला, हे सारे त्या वेळात पाहावयाचे. धावपटूला बाद ठरविण्याचे आणि त्यावर हरकत घेण्याचे प्रसंग या शर्यतीत सारखे का येतात, हे यावरून कळेल.

आता जुना नियम पाहू. 1930 च्या दशकापर्यंत अडथळ्याची घडण उलट्या इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी होती. तो जड असे आणि सहजी कलंडत नसे. त्याला आपटणाऱ्याचा गुडघा फुटायचा, आणि वर नियमाचा दंडही व्हायचा. एका शर्यतीत तीन किंवा अधिक अडथळे पाडणारा बाद होई. एकच पाडला तर बक्षीस मिळे, पण त्याच्या वेळेला विक्रम म्हणून मान्यता मिळत नसे. म्हणजे अपराध शेजाऱ्याविरुद्धचा नव्हता, लाकडाविरुद्धचा होता. कारखान्यात हत्यार मोडले की पगारातून कापून घेत, त्यातलाच हा प्रकार. हत्यार मोडणाऱ्याचाच हात आधी कापला, याची नोंद कोणी करीत नसे.

या नियमाने काय होत असे ते 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. 400 मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा मॉर्गन टेलर 52.6 सेकंदांत पहिला आला. पण त्याच्याकडून एक अडथळा पडला होता, म्हणून विक्रम त्याच्या नावावर लागला नाही. दुसरा आलेला अमेरिकेचाच चार्ल्स ब्रुकिन्स नियमभंगासाठी बाद झाला. तेव्हा फिनलंडचा एरिक विलेन हा तिसरा आलेला गडी रौप्यपदकाचा धनी झाला, आणि त्याच्या 53.8 सेकंदांना ऑलिंपिक विक्रम म्हणून मान मिळाला. पहिल्याहून सव्वा सेकंद मागे राहिलेला माणूस विक्रमवीर, आणि पहिला नुसताच विजेता!

आठ वर्षांनी, 1932 साली, लॉस एंजेलिसला हीच कथा पुन्हा घडली. आयर्लंडचा बॉब टिस्डल हा तरुण या शर्यतीत नवखा होता. त्याने 51.7 सेकंदांत शर्यत जिंकली. तोवर एवढ्या वेळात ती कोणी धावलेले नव्हते. पण शेवटचा अडथळा त्याच्या पायाने पडला. जागतिक विक्रमाचा मान मिळाला तो दुसऱ्या आलेल्या अमेरिकेच्या ग्लेन हार्डिनला, 52.0 सेकंदांसाठी. त्या शर्यतीत तिसरा कोण होता? तोच मॉर्गन टेलर, ज्याचा विक्रम 1924 साली याच कारणाने बुडाला होता. आपल्यावर झालेला अन्याय दुसऱ्यावर होताना त्याने अगदी जवळून पाहिला असेल.

यात विचार करण्यासारखे असे की, अडथळा आपटल्याने टिस्डलचा फायदा काय झाला? काहीच नाही. अडथळ्याला धडकणारा माणूस मंदावतो, त्याचा तोल जातो. त्याची शिक्षा त्याला जागच्या जागी मिळालेली असते. नियम त्याला पुन्हा एकदा शिक्षा देत होता. एका चुकीला दोन दंड नसावेत, हे तत्त्व न्यायालयात मान्य असले तरी मैदानात यायला वेळ लागला. 1930 च्या दशकाच्या मध्यावर इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा, धक्क्याने पुढे कलंडणारा अडथळा आला. त्याबरोबर तीन अडथळ्यांचा नियम आणि विक्रम नाकारण्याचा नियम, दोन्ही गेले. आज अडथळा अशा वजनाने तोललेला असतो की सुमारे 3.6 ते 4 किलोच्या धक्क्याने तो पडावा. हत्यार सुधारले तेव्हा नियम सुधारला, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. माणसाला दटावून अपघात थांबत नाहीत. यंत्राची रचना बदलली की थांबतात.

या सुधारणेचे मोल 1992 साली बार्सेलोनात कळले. अमेरिकेचा केव्हिन यंग 400 मीटर अडथळे 46.78 सेकंदांत धावला. शेवटच्या अडथळ्याला त्याचाही पाय लागला होता. पण त्याचा जागतिक विक्रम कोणी हिरावला नाही, आणि तो पुढे 2021 पर्यंत टिकला. टिस्डल आणि यंग यांचे पाय त्याच दहाव्या अडथळ्याला लागले होते. निकाल निराळे झाले, कारण मधल्या काळात नियमाने प्रश्नच बदलला होता. ‘अडथळा पडला काय?’ असे न विचारता ‘दुसऱ्या कोणाची वाट अडली काय?’ असे तो विचारू लागला होता.

हा नवा प्रश्न न्याय्य आहे, पण सोपा नाही. 2011 साली दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक स्पर्धा झाल्या. 110 मीटरच्या अंतिम शर्यतीत क्यूबाचा डायरॉन रोब्लेस आणि चीनचा लिऊ शियांग शेजारशेजारच्या पट्ट्यांत धावत होते. एक 2008 चा ऑलिंपिक विजेता, दुसरा 2004 चा. अखेरच्या अडथळ्यांपाशी रोब्लेसचा हात लिऊच्या हाताला लागला, लिऊची लय मोडली. रोब्लेस 13.14 सेकंदांत पहिला आला. चीनने हरकत नोंदविली, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि रोब्लेसला बाद केले. क्यूबाने वर दाद मागितली, तीही फेटाळली गेली. सुवर्णपदक अमेरिकेच्या जेसन रिचर्डसनला मिळाले, लिऊला रौप्य.

रोब्लेसने हे मुद्दाम केले काय, असा वाद तेव्हा पुष्कळ झाला. आमच्या मते तो वाद गैरलागू आहे. मनात काय होते ते चित्रफितीत दिसत नाही. हात लागला आणि दुसऱ्याची धाव खुंटली, हे दिसते. मात्र येथे एक उणीव राहते, ती लक्षात घ्या. बाद करण्याने धक्का देणाऱ्याला शिक्षा झाली, पण धक्का खाणाऱ्याचे काय? लिऊला एक जागा वर सरकता आले. धक्का लागला नसता तर तो कोठे पोचला असता, याचे उत्तर कोणत्याही नियमात नाही.

2004 साली अथेन्समध्ये तर एवढेही हाती आले नाही. कॅनडाची पर्डिटा फेलिसियन ही आदल्या वर्षीची जागतिक विजेती अंतिम शर्यतीत पहिल्याच अडथळ्यावर कोसळली, आणि पडताना शेजारच्या पट्ट्यातील रशियाच्या इरिना शेवचेन्कोला घेऊन पडली. रशियाने हरकत घेतली, ती मान्य झाली नाही. शेवचेन्कोचा काडीइतका दोष नव्हता. चार वर्षांची मेहनत दुसरीच्या चुकीत वाहून गेली, आणि निकालपत्रात तिच्यासाठी भरपाईचा रकाना नव्हता.

भरपाईचा विचार 2019 साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत झाला. 110 मीटरच्या अंतिम शर्यतीत जमेकाचा ओमर मॅक्लाउड तोल जाऊन आपल्या पट्ट्याबाहेर भेलकांडला आणि स्पेनचा ऑर्लान्डो ओर्तेगा अडला. पदकाच्या रांगेतला ओर्तेगा पाचवा आला. मॅक्लाउड बाद झाला, पण स्पेन तेवढ्यावर थांबले नाही. त्यांनी वरिष्ठ ज्यूरीकडे दाद मागितली आणि ओर्तेगाला कांस्यपदक देण्यात आले. तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या पास्कल मार्तिनो-लागार्दचे पदकही काढून घेतले नाही. दोघांना कांस्य मिळाले. एकाचे नुकसान भरून काढताना दुसऱ्या निरपराध्याच्या ताटातले ओढून घ्यायचे नाही, हा त्या निकालातला शहाणपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

त्याच दोहात, त्याच आठवड्यात, आपल्या महाराष्ट्राच्या मुलालाही हरकतीचा आधार मिळाला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा, सैन्यातला शिपाई. त्याची शर्यत 3000 मीटर स्टीपलचेसची. तिच्यातले अडथळे पक्के असतात, ते पडत नाहीत. पाय चुकला तर माणूसच पडतो. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याची वाट अडली. तरीही त्याने 8 मिनिटे 25.23 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, पण अंतिम फेरीसाठी तो पुरला नाही. भारतीय पथकाने हरकत नोंदविली, चित्रफीत तपासली गेली, आणि साबळेला अंतिम फेरीत जागा मिळाली. त्या फेरीत तो 8 मिनिटे 21.37 सेकंदांत धावला, विक्रम पुन्हा सुधारला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. त्या दिवशी अर्ज लिहिण्याचा कोणी कंटाळा केला असता तर ती संधी तेथेच संपली असती.

हरकतीने निकाल उलटण्याचे ताजे उदाहरण 2025 च्या टोकियो येथील जागतिक स्पर्धेतले. 400 मीटर अडथळ्यांत अमेरिकेचा राय बेंजामिन पहिला आला, पण त्याने आपटलेला शेवटचा अडथळा शेजारच्या पट्ट्यात गेला, म्हणून त्याला बाद ठरविले. हरकतीनंतर तो निर्णय मागे घेतला गेला आणि सुवर्णपदक त्याच्याकडे राहिले. 1932 साली एका पडलेल्या अडथळ्यापुढे टिस्डलला बोलायला जागाच नव्हती.

आता आरंभरेषेकडे वळू. पिस्तुलाच्या आवाजाआधी हलले म्हणजे चुकीची सुरुवात. पूर्वी प्रत्येक धावपटूला एक चूक माफ असे. ही माफी दयाळू दिसते, पण तिची किंमत कोणी दुसराच भरत असे. 1984 साली लॉस एंजेलिसला स्त्रियांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली. पी. टी. उषाची सुरुवात चांगली झाली होती. पण एका ऑस्ट्रेलियन धावपटूच्या चुकीमुळे सर्वांना परत बोलावले, आणि दुसऱ्या खेपेस उषाला तशी सुरुवात साधली नाही. 55.42 सेकंद वेळ घेऊन ती चौथी आली. तिसरीची वेळ 55.41. सेकंदाच्या शंभराव्या भागाने भारताचे पदक गेले. ते केवळ त्या पहिल्या आरंभामुळे गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एकाला दिलेली सूट उरलेल्या सातांच्या पायांवर पडते, एवढे मात्र खरे.

म्हणून नियम आवळत गेला. 2003 पासून साऱ्या शर्यतीला मिळून एक चूक माफ झाली. 2010 पासून तीही माफी गेली. पहिल्याच चुकीला माणूस बाहेर. आणि चूक ठरविण्याचे काम डोळ्यांकडून यंत्राकडे आले. पाय टेकवायच्या ठोकळ्यांत यंत्र बसवलेले असते. आवाजानंतर सेकंदाच्या एक दशांशाच्या आत पायाचा जोर वाढला, तर माणसाने आवाज ऐकण्याआधीच हालचाल केली असे धरतात.

2022 साली अमेरिकेतील यूजीन येथे डेव्हन ॲलन या नियमात सापडला. हे त्याच्याच विद्यापीठाचे मैदान. महिन्याभरापूर्वी तो 12.84 सेकंदांत धावला होता. त्याहून जलद इतिहासात दोघेच धावले होते. नुकतेच त्याचे वडील वारले होते. उपांत्य फेरीत त्याची नोंद 0.101 सेकंद झाली, म्हणजे निर्दोष. अंतिम फेरीत झाली 0.099. हजारातल्या एका भागाने तो दोषी ठरला. तो पंचांशी बोलला, पण यंत्राचा आकडा उभा होता, आणि त्याला बाहेर जावे लागले. त्या स्पर्धेत इतरही अनेकांच्या नोंदी नेहमीपेक्षा कमी आल्या होत्या, याकडे अभ्यासकांनी पुढे लक्ष वेधले.

यंत्राला आमचा विरोध नाही. 1932 सालीच यंत्राने एक मोठा अन्याय दूर केला होता. 110 मीटरच्या शर्यतीत अमेरिकेच्या जॅक केलरला पंचांनी तिसरा ठरवून पदक दिले. नंतर चित्रफीत पाहिली तेव्हा ब्रिटनचा डोनाल्ड फिन्ले पुढे असल्याचे दिसले. केलरने फिन्लेला गाठून पदक त्याच्या हाती दिले. चित्रफीत माणसाला खरे दाखवते. पण यंत्राचा आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत. गिरणीच्या दारातले घड्याळ मिनिटभर पुढे असले तर सारी पाळी उशिरा आलेली ठरते. तेव्हा कामगारांना जाब विचारण्याआधी घड्याळ तपासावे लागते.

आकड्यालाही प्रश्न विचारता येतो, हे 1 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधील हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एका भारतीय मुलीने दाखवले. विशाखापट्टणमची ज्योती याराजी, सुरक्षारक्षकाची मुलगी. 100 मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत यजमान देशाची वू यानी आवाजाआधी सुटली. शेजारच्या पट्ट्यातली ज्योती तिच्या हालचालीने हलली. पंचांनी ज्योतीलाही बाद ठरविले. परक्या मैदानात, हजारो लोकांसमोर ती जागची हलली नाही. तिने शांतपणे पण ठाम विचारले, चित्रफीत पुन्हा पाहावयास लावली. अखेर दोघींनाही हरकत राखून धावू दिले. वू दुसरी आली, ज्योती 12.91 सेकंदांत तिसरी. शर्यतीनंतर वूला बाद केले आणि ज्योतीला रौप्यपदक मिळाले. त्याच संध्याकाळी साबळेने स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले.

हरकत राखून धावणे ही तरतूद आम्हाला मोठी वाटते. निर्णय वादग्रस्त असेल तर आधी धावू द्या, निकाल मागाहून लावा. कारण बाद केलेल्याला नंतर निर्दोष ठरवले तरी गेलेली शर्यत परत धावता येत नाही. आणि धावू दिलेल्याला नंतर बाद ठरवले तर कोणाचे काही बिघडत नाही. चौकशी पुरी होण्याआधी कामगाराला घरी बसवू नका, अशी आमची जी जुनी मागणी, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

पण या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरकत घेण्याला मुदत असते; निकाल जाहीर झाल्यापासून अर्धा तास. वर दाद मागायची तर लेखी अर्ज आणि अनामत रक्कम. अर्ज मान्य झाला तर ती परत मिळते. चीन, स्पेन, अमेरिका यांच्या पथकांत नियम जाणणारी माणसे असतात, इंग्रजीत अर्ज लिहिणारी असतात. एकट्या आलेल्या लहान देशाच्या धावपटूला अर्ध्या तासात हे सारे कोण करून देणार? आपल्या जिल्ह्याच्या मैदानावर तर चित्रफीत नसते, ज्यूरी नसते, आणि कित्येकदा पोरांना हरकत घेता येते हेच ठाऊक नसते. नियमातला हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर राहते. ते अंतर बरोबर उभ्या राहणाऱ्या माणसांनी भरून काढावयाचे असते.

तेव्हा मंडळी, शंभर वर्षांचा हा इतिहास आम्हाला तीन गोष्टी सांगतो. शिक्षा करण्यापूर्वी नुकसान कोणाचे झाले ते पाहावे. पुरावा माणसाचा असो वा यंत्राचा, तो तपासता आला पाहिजे. आणि ज्याच्यावर ठपका आहे त्याचे म्हणणे वेळेवर, शर्यत संपण्याआधी ऐकावे. यांतली एकही गोष्ट पंचांच्या मनात आपोआप उगवलेली नाही. कोणी तरी हरकत घेतली, फेटाळली गेली, पुन्हा घेतली, तेव्हा नियमाचे पुस्तक एकेक ओळ पुढे सरकले. आपल्या गावच्या क्रीडास्पर्धांना आपण पाहुणे म्हणून जाल, पंच म्हणून उभे राहाल, तेव्हा एखादे पोर रडवेल्या तोंडाने ‘साहेब, माझे ऐका’ म्हणत येईल. त्याचे म्हणणे चूकही असेल. तरी ते पुरते ऐकून घ्यावे आणि मगच निकाल द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.